ईएसबीएलचा अहवाल हातात आल्यावर: सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, जिवाणूंची विकरे आणि पुढचे औषध

प्रश्न केळापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून आला आहे. थोडक्यात असा: ४५ वर्षांची शेतमजूर बाई, वजन ५० किलो, थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखणे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस दिले, ताप हटला नाही. लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’, म्हणजे अशी औषधे फोडणारे एन्झाइम बनवणारा जंतू. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफिक्झिम, सिप्रोफ्लॉक्सासिन, को-ट्रायमॉक्साझोल सगळे ‘आर’ (जंतू दाद देत नाही). सेफॉक्सिटिन, पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम, अमिकासिन, नायट्रोफ्युरँटोइन, मेरोपेनेम ‘एस’ (जंतू दाद देतो). रक्तदाब ठीक, उलट्या नाहीत, गरोदर नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) ०.९. डॉक्टर विचारतात: डोस २ ग्रॅम करू, की सल्बॅक्टम जोडलेली वायल सुरू करू? आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ‘आर’ असताना सेफॉक्सिटिन ‘एस’ कसे?

आधी बाईचे बघू. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आजच बंद करा. डोस वाढवून उपयोग नाही, सल्बॅक्टम जोडूनही नाही. तुमच्याकडे जे आहे त्यात अमिकासिन चालेल: किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ७५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदाच. वायलमध्ये २ मिलिलिटरला ५०० मिलिग्रॅम असते, म्हणून ३ मिलिलिटर कमरेत खोल स्नायूत, किंवा १०० मिलिलिटर नॉर्मल सलाईनमधून अर्धा ते एक तासात. एकूण सात दिवस. आधीचे पाच दिवस या हिशेबात धरू नका, कारण त्या पाच दिवसांत जंतूला औषध लागलेलेच नाही. तिसऱ्या आणि सहाव्या दिवशी क्रिएटिनिन करा. दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकची सुई अजिबात नको, पॅरासिटामॉल द्या. उन्हात निंदण-वेचणीला जाणारे शरीर आधीच कोरडे असते, त्यात अमिकासिन आणि डायक्लोफिनॅक एकत्र आले की मूत्रपिंड बसते. कानात आवाज, तोल जाणे हे रोज विचारा.

नायट्रोफ्युरँटोइन ‘एस’ दिसते म्हणून त्याच्या गोळ्यांवर भागवू नका. ते लघवीत साठते, मूत्रपिंडाच्या मांसात पोचत नाही. नुसती लघवीची जळजळ असती, ताप नसता, तर १०० मिलिग्रॅम दोनदा, पाच दिवस हा उत्तम उपाय होता. फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एक पुडीही चालली असती. कुशीत दुखून ताप आहे तिथे दोन्ही अपुरी.

आता ‘का’ ते. हे एकदा नीट समजले की पुढचा प्रत्येक अहवाल वेगळा दिसायला लागतो.

सेफॅलोस्पोरिन आणि पेनिसिलिन दोघांच्या पोटात बीटा-लॅक्टम नावाचे चार अणूंचे कडे असते. हे कडे ताणलेले असते, उघडायला टपलेले. जिवाणूची भिंत विणणारी जी विकरे म्हणजे एन्झाइम आहेत, त्यांना पेनिसिलिन-बाइंडिंग प्रोटीन म्हणतात. ती या कड्याला आपला नेहमीचा धागा समजून धरतात, कडे उघडते, आणि औषध त्यांच्या सेरीन या अमिनो आम्लाला घट्ट चिकटून बसते. मागावर कोणी आडवी पाचर ठोकावी तसे विणकाम थांबते, भिंत फाटते, जिवाणू मरतो.

हे कडे फोडणारी बहुतेक बीटा-लॅक्टमेज विकरे त्याच भिंत विणणाऱ्या विकरांच्या कुळातली. तीही सेरीनने कडे धरतात, तीही औषधाला चिकटतात. फरक पुढच्या पायरीवर आहे. त्यांच्या खोबणीत पाण्याचा एक रेणू नेमक्या जागी धरलेला असतो. तो चिकटलेले औषध कापून सोडवतो आणि विकर पुन्हा मोकळे होते. भिंत विणणारे विकर एकदा अडकले की मिनिटे-तास अडकून राहते. टेम-१ हे जुने बीटा-लॅक्टमेज पेनिसिलिनचे हजारभर रेणू एका सेकंदात फोडते. फुटलेले कडे पुन्हा जुळत नाही.

ही भांडणे आपल्या औषधांपेक्षा जुनी आहेत. पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोचण्याआधीच, १९४० साली, अब्राहम आणि चेन यांनी ई. कोलायमधून पेनिसिलिन फोडणारे विकर नोंदवले होते. सेफॅलोस्पोरिनचे मूळ असलेली बुरशी १९४५ साली ब्रोत्झू यांना सार्डिनियात, सांडपाणी समुद्राला मिळते तिथे सापडली. त्या मूळ रेणूला बाजूच्या साखळ्या बदलून-बदलून पिढ्या तयार झाल्या. तिसऱ्या पिढीत, म्हणजे सेफोटॅक्झिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, सेफ्टाझिडिम, सेफिक्झिम यांत, कड्याशेजारी ऑक्सिइमिनो नावाची जाडजूड साखळी बसवली. टेम-१ ची खोबण अरुंद. ही साखळी तिच्यात शिरत नाही, म्हणून कडे वाचते. तिसऱ्या पिढीची सगळी ताकद या एका अडसरात आहे.

जिवाणूंनी तो अडसर दोन वाटांनी काढला. पहिली वाट म्हणजे टेम आणि तसेच दुसरे जुने विकर एसएचव्ही यांच्यात एक-दोन अमिनो आम्ले बदलून खोबण रुंद होणे. उदाहरणार्थ २३८ व्या जागी ग्लायसीनऐवजी सेरीन. १९८३ साली जर्मनीतून अशी पहिली विस्तारित विकरे नोंदली गेली. ईएसबीएल हे नाव त्यांचेच, व्याप्ती वाढलेले बीटा-लॅक्टमेज. दुसरी वाट आपल्याकडे जास्त महत्त्वाची. क्लायव्हेरा नावाच्या निरुपद्रवी जिवाणूच्या गुणसूत्रात सीटीएक्स-एम हे विकर मुळातच होते, ते उचलून प्लाझमिडवर, म्हणजे एका जिवाणूतून दुसऱ्यात जाणाऱ्या डीएनएच्या सुट्या तुकड्यावर आले. त्यातले सीटीएक्स-एम-१५ पहिल्यांदा भारतातल्या नमुन्यांतच सापडले आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आज आपल्या ई. कोलाय आणि क्लेबसिएल्लात ईएसबीएल म्हटले की बहुतेक वेळा हेच निघते. नावातले सीटीएक्स म्हणजे सेफोटॅक्झिम, आणि सेफोटॅक्झिम व सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन यांची बाजूची साखळी एकच. म्हणजे तुम्ही पाच दिवस नेमके तेच औषध देत होतात, जे हे विकर सर्वांत सहज कापते.

त्याच प्लाझमिडवर अनेकदा इतर जनुकेही बसलेली असतात: सिप्रोफ्लॉक्सासिन निकामी करणारे, सल्फाला न जुमानणारे, जेंटामायसिनवर रासायनिक टोपी घालणारे. तुमच्या अहवालात तीन वेगळ्या कुळांची औषधे एकदम ‘आर’ दिसतात ती बहुधा यामुळे. अमिकासिन बऱ्याचदा वाचते, आणि म्हणून ते उपयोगी पडते.

डोसचा हिशेब करून बघा. १ ग्रॅम शिरेतून दिल्यावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची रक्तातली पातळी मिलिलिटरला दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास चढते. पण त्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त रक्तातल्या प्रथिनाला बांधलेले. जंतूवर काम करते ते मोकळे औषध, तेवढे १०–१५. संवेदनशील ई. कोलायला १ किंवा त्याहून कमी पुरते, आणि आठ तासांचे अर्धायुष्य (रक्तातले औषध निम्मे व्हायला लागणारा वेळ) असल्याने दिवसभर पुरते. सीटीएक्स-एम-१५ वाल्या ई. कोलायला मात्र बहुधा ६४ च्या वर लागते, कित्येकदा २५६ च्याही वर. २ ग्रॅम दिले तर १५ चे ३० होतील. ६४ च्या पातळीला ते एक मिनिटही पोचत नाही. बीटा-लॅक्टम औषधाचे काम ‘किती वेळ पातळीच्या वर राहिले’ यावर चालते, आणि इथे तो वेळ शून्य आहे. लघवीत मात्र हेच औषध शेकडो मायक्रोग्रॅम असते, म्हणून साध्या जळजळीत ‘आर’ असूनही कधी बरे वाटते. त्या अनुभवावर विसंबून तापाच्या रुग्णाला तेच चालू ठेवणे ही फार सर्रास होणारी आणि महागात पडणारी चूक आहे.

सल्बॅक्टम, टॅझोबॅक्टम, क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल ही बीटा-लॅक्टमेजला गुंतवून ठेवणारी औषधे. कल्पना चांगली, आणि प्रयोगशाळेत क्लॅव्ह्युलॅनेट सीटीएक्स-एमला छान रोखते. ईएसबीएलची चाचणीच त्यावर आधारलेली आहे. घोटाळा वायलमध्ये आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या जोडवायलमध्ये १ ग्रॅम सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसोबत ५०० मिलिग्रॅम सल्बॅक्टम असते, किंवा १२५ मिलिग्रॅम टॅझोबॅक्टम. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचे अर्धायुष्य आठ तास, सोबत्याचे सुमारे एक तास. सकाळी आठला सुई दिली तर दुपारी एकपर्यंत रखवालदार जवळपास संपलेला असतो आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन उघड्यावर. पुढची सुई रात्री आठला. मधले सात तास जंतू निवांत. सल्बॅक्टम मुळातच सीटीएक्स-एमवर टॅझोबॅक्टमपेक्षा कमजोर, आणि १२५ मिलिग्रॅम टॅझोबॅक्टम म्हणजे पिपरॅसिलिनसोबत दर सहा-आठ तासांनी ५०० मिलिग्रॅम जाते त्याच्या पासंगालाही पुरत नाही. सेफिक्झिम-क्लॅव्ह्युलॅनेटच्या गोळ्यांचे दुखणे तेच. महागडी वायल घेताना घरच्यांना वाटते मोठे औषध चालू आहे, आणि त्या भरवशात दोन दिवस जातात. मला या वायलींविषयी सर्वांत जास्त तक्रार आहे ती या दोन दिवसांची.

मग पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम ‘एस’ आहे, ते का नको? या प्रश्नाला थेट उत्तर आहे. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनला न जुमानणाऱ्या ई. कोलाय आणि क्लेबसिएल्लाच्या रक्तसंसर्गात हे औषध आणि मेरोपेनेम यांची तुलना मेरिनो चाचणीत झाली, २०१८ साली प्रसिद्ध झाली. तीस दिवसांतले मृत्यू पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम गटात १२.३ टक्के, मेरोपेनेम गटात ३.७ टक्के. एक कारण असे की प्लेटवर जंतू विरळ असतात. सुजलेल्या मूत्रपिंडात ते दाट असतात, विकरही तेवढे जास्त, आणि टॅझोबॅक्टम तिथे कमी पडते. चौथ्या पिढीचे सेफेपिम ‘एस’ आले तरी ईएसबीएलमध्ये याच कारणाने टाळा.

आता अहवालातली नक्षी. ‘आर’ आणि ‘एस’ सुटे वाचू नका, एकमेकांच्या संदर्भात वाचा. विकर कोणते आहे ते त्यातून जवळपास कळते.

अ‍ॅम्पिसिलिन ‘आर’, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट ‘एस’, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ‘एस’: साधे टेम-१. इथे तिसरी पिढी अजून चालते, पण बहुधा तिची गरजही नसते.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ‘आर’, सेफॉक्सिटिन ‘एस’: ईएसबीएल. सेफॉक्सिटिनच्या कड्यावर सातव्या जागी मिथॉक्सी गट असतो. सीटीएक्स-एमच्या खोबणीत पाण्याच्या रेणूला तो आडवा येतो, त्यामुळे ते फुटत नाही. तुमच्या कोड्याचे उत्तर हेच. याचा अर्थ सेफॉक्सिटिन द्यावे असा नाही. ते निदानाची खूण म्हणून वापरावे.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि सेफॉक्सिटिन दोन्ही ‘आर’, सेफेपिम ‘एस’, क्लॅव्ह्युलॅनेटने काही फरक नाही: अ‍ॅम्प-सी. हे वेगळे कुळ, क्लॅव्ह्युलॅनेटला भीक घालत नाही. एन्टेरोबॅक्टर क्लोएसी, क्लेबसिएल्ला एरोजेनिस, सिट्रोबॅक्टर फ्रूंडाय यांच्या गुणसूत्रातच ते असते, पण झाकलेले. म्हणून अहवालात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ‘एस’ छापून येते. हा सापळा आहे. या जंतूंत दशलक्ष ते कोटीत एखादा असा असतो, ज्याचे अ‍ॅम्प-सी कायम उघडे असते. पू साठला असेल तिथे जंतू कोट्यवधी, म्हणजे असे काही आधीच हजर. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन बाकीच्यांना मारते, यांना जागा मोकळी करून देते. दोन दिवस ताप उतरतो, चौथ्या दिवशी परत येतो. नावात एन्टेरोबॅक्टर दिसले की ‘एस’ असूनही सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा हट्ट सोडा.

मेरोपेनेमसुद्धा ‘आर’: एनडीएम किंवा ऑक्सा-४८ च्या जातीचे विकर. एनडीएम जस्ताच्या जोरावर काम करते. सल्बॅक्टमसारखे नेहमीचे निरोधक त्याला लागू पडत नाहीत, अव्हिबॅक्टम हे नवे निरोधकही नाही. ऑक्सा-४८ वर अव्हिबॅक्टम चालते. कुठले आहे हे न ठरवता उपचार करू नका. असा रुग्ण सेवाग्राम किंवा नागपूरसारख्या ठिकाणीच पाठवावा. मेरोपेनेमच्या कुळातले एर्टापेनेम एकटेच ‘आर’ असेल तरी सावध व्हा, ऑक्सा-४८ कधी तेवढीच खूण दाखवते.

काही प्रयोगशाळा ‘ईएसबीएल पॉझिटिव्ह’ असे लिहीतच नाहीत. २०१० साली सीएलएसआयने, म्हणजे ‘आर’-‘एस’च्या मर्यादा ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने, सेफॅलोस्पोरिनच्या मर्यादा खाली आणल्या आणि वेगळी चाचणी उपचारासाठी सक्तीची ठेवली नाही. अशा वेळी ई. कोलाय किंवा क्लेबसिएल्लात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन ‘आर’ म्हणजे ईएसबीएल समजून चाला.

डिस्कने, म्हणजे औषधाच्या कागदी चकतीने, ईएसबीएल बघणाऱ्या छोट्या प्रयोगशाळांसाठी: म्युलर-हिंटन आगर ४ मिलिमीटर जाड, ०.५ मॅकफार्लंड गढूळपणाचे जंतूंचे द्रावण, तयार झाल्यापासून १५ मिनिटांत प्लेटवर. सेफोटॅक्झिम ३० मायक्रोग्रॅमची डिस्क आणि सेफोटॅक्झिम-क्लॅव्ह्युलॅनेट ३०/१० ची डिस्क, ३५ अंशाला १६–१८ तास. क्लॅव्ह्युलॅनेटच्या बाजूचा झोन (चकतीभोवतीचे जंतू न वाढलेले वर्तुळ) ५ मिलिमीटर किंवा जास्त मोठा आला तर ईएसबीएल. सेफ्टाझिडिमची जोडीही सोबत लावा, कारण काही विकरे एकाच औषधावर उघडी पडतात. मे महिन्यात वीज जाते, फ्रिज तापतो, आणि क्लॅव्ह्युलॅनेट सर्वांत आधी मरते. मग झोन मोठा होत नाही आणि ईएसबीएल असूनही निगेटिव्ह छापले जाते. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनची डिस्क खराब झाली तर उलटे होते: झोन आक्रसतो आणि चांगला जंतू ‘आर’ ठरतो. यावर एकच पहारा आहे. एटीसीसी २५९२२ या पडताळणीसाठीच्या प्रमाणित ई. कोलायवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा झोन २९–३५ मिलिमीटर यायला हवा, आणि एटीसीसी ७००६०३ या क्लेबसिएल्लावर सेफ्टाझिडिमची जोडी लावून ५ मिलिमीटरची वाढ दिसायला हवी. डिस्कची डबी फ्रिजमधून काढल्यावर लगेच उघडू नका. आत दव धरते, ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

नमुन्याचे बोलू. लघवी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे. पांढरकवड्याच्या बाजूच्या गावातून एसटीने यवतमाळला जाईपर्यंत चार तास सहज जातात. अर्ध्या तासाला दुप्पट या वेगाने चार तासांत जंतू २५६ पट होतात. मिलिलिटरला १००० असलेले, म्हणजे बाहेरून चुकून मिसळलेले जंतू, २,५६,००० होऊन ‘लक्षणीय वाढ’ म्हणून छापले जातात. म्हणून घेतल्या-घेतल्या ४ अंशाला ठेवा, तसे २४ तास टिकते. आइसपॅकच्या डब्यातून पाठवा, पण लसीचा डबा त्यासाठी वापरू नका, नमुन्यांचा वेगळा ठेवा. आणि नमुना पहिल्या सुईच्या आधी घ्या. या बाईचा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू होण्याआधी घेतला असता तर अहवाल तीन दिवसांनी, पाच दिवस पुरे व्हायच्या आत हातात असता.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा बराच भाग पित्तातून आतड्यात उतरतो. म्हणजे प्रत्येक सुई आतड्यातल्या साध्या जंतूंना झाडून काढते आणि सीटीएक्स-एम असलेल्यांना मैदान देते. असा माणूस महिनोन्महिने ते जंतू बाळगतो, घरात वाटतो, आणि पुढचा मूत्रसंसर्ग त्याच जंतूचा होतो. म्हणून ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये, धानाच्या आणि पऱ्हाटीच्या शेतातून आलेल्या प्रत्येक तापाला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देणे थांबवायला हवे. या महिन्यांत विदर्भात स्क्रब टायफस असतो. त्याचा जंतू पेशीच्या आत राहतो आणि बीटा-लॅक्टमला दाद देत नाही. काखेत, जांघेत, छातीखाली काळी खपली शोधा. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा दिले की दोन दिवसांत ताप खाली येतो. सिकलसेल असलेल्या मुलांत तर आणखी जपा. ज्यांना आधी सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मिळालेले आहे, त्यांच्यात क्वचित पण सुई दिल्यावर काही मिनिटांत रक्तातल्या लाल पेशी फुटून जीव गेलेला आहे. तिथे आधीच्या सुयांची चौकशी केल्याशिवाय वायल फोडू नये. १ मार्च २०१४ पासून तिसऱ्या पिढीची ही औषधे शेड्यूल एच-१ मध्ये आहेत. मेडिकलवाल्याला चिठ्ठीची वेगळी नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. गावातल्या दुकानदाराला हे एकदा समजावून सांगा, तो ऐकतो.

बाईकडे परत. अमिकासिन सुरू झाल्यावर ७२ तासांनीही ताप असेल तर औषध बदलण्याआधी सोनोग्राफी करा: खडा अडकला आहे का, गळू झाले आहे का. रक्तदाब ९० च्या खाली गेला, उलट्या लागल्या, लघवी कमी झाली, क्रिएटिनिन चढले, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवा. तिथे एर्टापेनेम १ ग्रॅम रोज एकदा किंवा मेरोपेनेम १ ग्रॅम दर आठ तासांनी मिळेल. रेफरच्या चिठ्ठीवर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन किती दिवस दिले ते लिहा आणि कल्चरच्या अहवालाची प्रत टाचा, नाहीतर तिथे पहिली सुई पुन्हा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचीच लागेल. बरी होऊन घरी गेली तर तिच्या केसपेपरवर तारखेसह ‘ईएसबीएल ई. कोलाय’ असे लाल शाईने लिहून तो तिच्याच हातात द्या, आणि पुढचे वर्षभर तिला लघवीचा त्रास झाला तर कुठल्याही दवाखान्यात तो आधी दाखवायला सांगा.